घर आमच्यावाचून झाले

वाळपई, 2 नोव्हेंबर 2024

काल लक्ष्मीपूजनाच्या गडबडीत नेपाळमधल्या झापाहून छायाचित्र आले. एका संस्थेतर्फे आम्ही स्वयंसेवक जे घर बांधायला गेलो होतो, त्याचे. ते पूर्ण झाले आहे. दाराला झेंडूच्या माळा आहेत, उंबऱ्यापाशी पणत्या मांडल्या आहेत आणि ज्यांचे हे घर त्या आमा (नेपाळीत आई) नवी साडी नेसून मिस्त्रींच्या शेजारी उभ्या आहेत. खाली मिस्त्रींनी त्यांच्या हिंदीत लिहिले आहे, ‘घर बन गया, अब आप लोग चिंता मत करना.’ वाचून आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालाही. पण त्याच्या मागोमाग जे मनात आले ते अजून हलत नाही. घर आमच्यावाचून झाले.

सप्टेंबरअखेरीस पाऊस ओसरतो, दसैंपर्यंत, म्हणजे नेपाळच्या दसऱ्यापर्यंत, भिंती उभ्या राहतील, असा सगळ्यांचाच हिशोब होता. बागडोगऱ्याला उतरून पाणीटंकीहून मेची नदीचा पूल ओलांडला की नेपाळ लागतो. तिथे आपल्याला मतदार ओळखपत्र पुरते, त्यामुळे पासपोर्टचा एवढा बोलबाला असलेल्या गोव्यात ‘परदेशी घरे बांधायला चालले आहे’ असे सांगताना मलाच थोडे अवघडल्यासारखे होत होते. आम्ही पोहोचलो आणि पाऊस कोसळू लागला. त्या पावसाने नेपाळभर दोनशेहून अधिक माणसे गेली. 28-29 सप्टेंबरला कोशी नदीवरच्या बंधाऱ्याचे सर्व 56 दरवाजे उघडून 6.61 लाख क्युसेक पाणी सोडावे लागले, तिथल्या पुलावरची वाहतूक थांबली आणि आमचे सामान पलीकडच्या तीरावर ट्रकमध्ये अडकले. अशा वेळी आपले काम राहिले म्हणून हळहळणे शोभत नाही, हे तेव्हाही कळत होते.

तरीही हळहळ वाटलीच. पायाचे चर खणून तयार होते; संध्याकाळपर्यंत पत्र्याच्या डब्यांनी उपसावेत आणि सकाळी ते पुन्हा काठोकाठ भरलेले दिसावेत. उरलेला वेळ आम्ही ताडपत्रीखाली बसून भिंतींसाठी बांबूच्या कामट्या काढायला शिकलो. मिस्त्री बांबूच्या तोंडाशी कोयता टेकवत, वर एकच ठोका देत आणि मनगट किंचित वळवत. पेरामागून पेर फुटत जाऊन शेवटपर्यंत सारख्या रुंदीची कामटी निघे. आमची कामटी दुसऱ्याच पेरापाशी निमुळती होऊन संपायची. आमा काही बोलत नसत, चहा आणून देत. ज्यांच्या डोक्यावर छप्पर नव्हते त्यांनीच आमचे कपडे वाळले का म्हणून चौकशी करावी! लग्नघरी वऱ्हाड वेळेआधी येऊन बसावे आणि यजमानांची धांदल उडावी, तसे आमचे झाले होते.

परतताना संस्थेच्या समन्वयकांनी समजूत घातली की अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचाही बेत फसला होता. 2006 मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला घरे बांधून गेलेले कार्टर नोव्हेंबर 2015 मध्ये चितवनला येणार होते, पण तिथली अशांतता आणि इंधनटंचाई यांमुळे तो उपक्रमच रद्द झाला. मला त्याने बरे वाटले नाही. कार्टर यांना निदान जाताच आले नव्हते; मी मात्र तिथे जाऊन, जेवून, चहा पिऊन आले होते.

वहिनीने छायाचित्र पाहिले आणि म्हणाली, ‘‘अगं, मग झालं की घर! तू कशाला तोंड पाडून बसलीस?’’ जुलै 2021 मध्ये म्हादईच्या पुराने इथे सत्तरीतच घरे पडली, तेव्हा... पण ते तिने काढले नाही, आणि मीही काढत नाही.

आज दुपारी पुन्हा छायाचित्र मोठे करून पाहिले. प्लास्टरखाली कामट्या दिसण्याचा प्रश्नच नव्हता, तरी शोधल्या. आमच्या कामट्या असल्याच तर चुलीत गेल्या असतील, आणि त्या ओल्या दिवसांत चुलीला कोरडे जळण मिळाले असेल तर तेही काही कमी नाही, असे वाटून एकटीच हसले. घर व्हायला हवे होते, ते झाले. त्यात मी असावे ही आमांची गरज कधीच नव्हती, माझी होती. आणि ती अजूनही आहे, कारण एप्रिलच्या तुकडीसाठी नाव द्यायचे का, हे मी कालपासून दोनदा विचारून झाले आहे.

संस्थेचा अभिप्रायाचा अर्ज मात्र आज भरून टाकला. ‘आपण प्रत्यक्ष केलेले काम’ या रकान्यात ‘पायाच्या चरांतील पाणी उपसले’ असे लिहिले. ते पुन्हा भरत असे, हे लिहायला जागा उरली नाही.