पारेंझाना: सपाट म्हणतात, समुद्रकाठची म्हणतात, टायर मात्र जाड न्या

इटलीतल्या त्रिएस्तेपासून क्रोएशियातल्या पोरेचपर्यंत जाणाऱ्या पारेंझाना या सायकलमार्गाबद्दल वाचायला बसलं की तीन गोष्टी हमखास सापडतात. मोटारी नाहीत, चढ नाही, आणि सगळा रस्ता समुद्राच्या कडेकडेने. यातली पहिली बव्हंशी खरी आहे, दुसरी अर्धीच खरी आहे आणि तिसरी फक्त पहिल्या दिवसापुरती खरी आहे. दुसरी आणि तिसरी मनावर घेऊन २८ मिमीचे टायर लावून आलेले लोक बुये गावाच्या पुढे सायकल ढकलताना दिसतात. हा मजकूर ती पाळी टळावी म्हणून.

मार्ग म्हणजे ऑस्ट्रियन अमलात १९०२ साली सुरू झालेली आणि १९३५ साली बंद पडलेली नॅरोगेज रेल्वे. एकूण १२३ किमी: इटलीत १३, स्लोव्हेनियात ३२, क्रोएशियात ७८. रुळांमधलं अंतर ७६० मिमी, म्हणजे आपल्या बार्शी लाईट रेल्वेपेक्षा फक्त २ मिमी कमी. बार्शी लाईट आठवणाऱ्यांना सांगायला नको की अशी गाडी बोगदे खणण्यापेक्षा डोंगराला वळसे घालणं पसंत करते. नकाशावर समोरासमोर दिसणाऱ्या दोन गावांमधलं अंतर इथे सहज दुप्पट-तिप्पट होतं. अंतराचा अंदाज नजरेने बांधू नका.

पहिला दिवस, त्रिएस्ते ते पोर्तोरोझ, साधारण ४० किमी. त्रिएस्तेतून बाहेर पडताना कारखाने, ट्रक आणि गोदामांचा भाग लागतो. तो टाळायचा तर त्रिएस्तेहून मुज्जाला जाणारी प्रवासी बोट घ्या. अर्ध्या तासाचा प्रवास आहे. सायकल घेतात, पण जागा मोजकी असते, म्हणून सकाळची फेरी पकडा. एक सावधगिरी: त्रिएस्तेतूनच जुन्या रेल्वेचा दुसराही एक सायकलमार्ग निघतो, वाल रोझांद्रा दरीकडे चढणारा. 'जुनी रेल्वे' एवढंच विचारलंत तर लोक तुम्हाला तिकडे पाठवतील. तो मार्ग छान आहे, पण पोरेचला जात नाही.

स्लोव्हेनियातला भाग डांबरी, पाट्या नीट, काही चुकण्यासारखं नाही. कोपर ते इझोला हा तर जुना किनारी रस्ताच आहे. शेजारच्या डोंगरातून २०१५ साली बोगदा झाला आणि २०१७ मध्ये हा रस्ता मोटारींना बंद केला. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला डोंगर. बोरा नावाचा ईशान्येचा वारा सुटला असेल तर मात्र इथे भरलेल्या पॅनिअरसह (कॅरिअरच्या बाजूंना लटकवायच्या बॅगांसह) सायकल सरळ ठेवणं अवघड. तो झोतांनी येतो, म्हणून फसवतो. पुढे इझोलानंतर आणि पोर्तोरोझच्या अलीकडे दोन बोगदे आहेत, आत दिवे आहेत. या दिवसाबद्दल एवढं पुरे.

आता मूळ मुद्दा.

सेचोव्ल्येची मिठागरं मागे पडली की क्रोएशियाची हद्द लागते. नाक्याच्या आसपास थोडं अंतर मोटारींच्या रस्त्यावरूनच काढावं लागतं, आणि उन्हाळ्यातल्या शनिवारी तिथे गाड्यांची रांग असते. सकाळी आठच्या आत पार करा. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिशाच्या क्षेत्रात, आहे आणि चलनही युरो झालं आहे. कुना (क्रोएशियाचं जुनं चलन) बदलून घ्या, दोन व्हिसे लागतील, वगैरे जुनी माहिती सोडून द्या. तरीही या तीन देशांच्या हद्दींवर अधूनमधून तपासणी होते, म्हणून भारतीय पासपोर्टवाल्यांनी पासपोर्ट हॉटेलच्या बॅगेत नव्हे, हँडलबार बॅगेत ठेवावा.

इथून डांबर संपतं आणि समुद्रही संपतो. मार्ग आत वळतो आणि बुयेवरून ग्रोझ्न्यानपर्यंत चढतो. ग्रोझ्न्यान २९३ मीटरवर, म्हणजे या रेल्वेचं सर्वांत उंच ठिकाण. चढ कागदावर किरकोळ आहे: रेल्वेचा जास्तीत जास्त उतार हजाराला २८, म्हणजे किलोमीटरला २८ मीटर. पक्क्या रस्त्यावर हा चढ गप्पा मारत चढता येतो. पण खाली खडी आहे. मऊ, दाबून बसलेला मुरूम नव्हे. सुटी, टोकदार, चुनखडीची पांढरी खडी, लिंबाएवढ्या दगडांपर्यंत. पावसाने बारीक माती वाहून नेली की वर मोठे दगड तेवढे उरतात, म्हणून उताराच्या आणि वळणांच्या जागी हाल सर्वांत जास्त. चढताना मागचं चाक जागच्या जागी फिरतं. ताशी ८ किमी मिळाले तर समाधान माना.

ग्रोझ्न्यान ते लिवादे हा तर सगळ्या मार्गावरचा सर्वांत त्रासदायक तुकडा, आणि माहितीपत्रकांत त्याचेच फोटो सर्वांत सुंदर. सगळा उतार आहे म्हणून लोक खूश होतात. हात बधिर होतात ते इथेच. पुढचं चाक खडीत रुततं ते वळणावर, कारण आपण ब्रेक वळणात दाबतो. ब्रेक वळणाआधी सरळ रस्त्यावर लावा, वळणात सोडा. सीट दोन सेंटिमीटर खाली घ्या, पेडल समांतर ठेवा, वजन मागे. मधल्या उंचवट्यावर खडी साचते. चाकोरीच्या दोन पट्ट्यांपैकी जी जास्त दबलेली असेल ती धरा आणि उगाच पट्टी बदलू नका. ताशी १५ च्या वर जाण्यात शहाणपण नाही. समोरून येणारा सायकलस्वारही तीच पट्टी धरून येत असतो.

या टप्प्यात बोगदे आणि उंच दगडी पूल आहेत. बोगद्याच्या तोंडाशी गॉगल काढा. पांढऱ्या खडीवरच्या लखलखीत उन्हातून आत शिरलं की पहिले काही सेकंद अक्षरशः काही दिसत नाही, आणि खालची जमीन ओली असू शकते. आतल्या दिव्यांवर विसंबू नका, पुढचा दिवा स्वतःचा हवा. मोबाईलचा टॉर्च चालत नाही, हात दोन्ही हँडलवर लागतात.

सायकलची तयारी स्पष्ट सांगायची तर टायर ४० मिमीपेक्षा कमी नको, ४५ ते ५० उत्तम. सामानासह ९० किलो वजनाला ४५ मिमी ट्यूबलेसमध्ये पुढे ३० आणि मागे ३५ पीएसआय पुरे. ट्यूब असेल तर दोन्हीकडे ५ वाढवा, नाहीतर रिम आणि दगड यांच्यात ट्यूब चिमटून शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूब दोन न्या, पॅचही न्या. कॅरिअरचे बोल्ट सतत थरथरून ढिले होतात. निघण्यापूर्वी निळं थ्रेडलॉक (बोल्ट ढिले होऊ न देणारा गोंद) लावा, दर थांब्याला चावी फिरवून बघा, दोन एम-५ बोल्ट आणि मूठभर झिप टाय जवळ ठेवा. पॅनिअरचे हुक सैल असतील तर खालून एक रबरी पट्टा बांधा. बॅग उसळून पडली की सामान गोळा करायला उतारावर मागे चालत जावं लागतं.

पाणी तीन लिटर. या आतल्या भागात किनाऱ्यासारखे नळ नाहीत, आणि गावं डोंगरमाथ्यावर, म्हणजे पाण्यासाठी पुन्हा चढ. जुलै-ऑगस्टमध्ये येऊच नका. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. कडेच्या गवतात बसलात तर संध्याकाळी गुडघ्यामागे, कमरेला गोचीड बघा. पाऊस झाला असेल तर एक दिवस थांबा: मधल्या इस्त्रियाची (हा मार्ग ज्या द्वीपकल्पातून जातो त्याची) करडी चिकणमाती आणि पोरेचकडची लाल माती, दोन्ही मडगार्डमध्ये अशा भरतात की चाक फिरत नाही.

लिवादेत मुक्काम करा. पोर्तोरोझहून एका दिवसात पोरेच गाठण्याचा सल्ला देणारे एक तर मोकळ्या सायकलवर आलेले असतात किंवा आलेलेच नसतात. मोतोवुन गाव मार्गावर नाही, ते वर टेकडीवर २७७ मीटरला आहे आणि मार्ग खालून जातो. बघायचं तर सामान खाली ठेवून चढा.

लिवादे ही ट्रफलची (जमिनीखाली उगवणाऱ्या महागड्या बुरशीची) राजधानी, आणि पैसे उकळायचीही. पांढरं ट्रफल शरद ऋतूत निघतं, साधारण सप्टेंबर ते जानेवारी. जूनमध्ये कुणी 'ताजं पांढरं' म्हणून रुबाबात भाव सांगत असेल तर उठा. उन्हाळ्यात मिळतं ते काळं, कितीतरी स्वस्त. बाटलीतल्या ट्रफल तेलाचा वास बहुतेकदा प्रयोगशाळेतला असतो. ताटावर ट्रफल समोर किसून देणार का आणि त्याचे किती, हे दोन प्रश्न मागवण्याआधी विचारा. फुझी नावाचा इथला पास्ता काळ्या ट्रफलबरोबर मागवा, पोट भरतं. शाकाहारींनी मानेश्त्रा या भाज्यांच्या घट्ट सूपबद्दल सावध राहावं. दिसतं आपल्या कडधान्याच्या आमटीसारखं, पण त्यात बहुधा डुकराचं हाड शिजवलेलं असतं. 'बेझ मेसा' म्हणजे मांस नको, आणि हाड घातलं आहे का हे वेगळं विचारा.

तिसऱ्या दिवशी विझिनादापर्यंत पुन्हा चढ, पुन्हा तीच खडी, जरा कमी वाईट. त्यानंतर पोरेचपर्यंत सोपं आहे.

परतीचं आधी ठरवा. पोरेचला रेल्वे नाही, शेवटची १९३५ मध्येच गेली. सर्वांत जवळचं स्टेशन पाझिन, तीसेक किमी आत, मोटारींच्या रस्त्याने आणि चढाने. बसमध्ये सायकल घ्यायची की नाही हे ड्रायव्हर ठरवतो. पुढचं चाक काढून, चेन झाकून, सायकल मोठ्या कव्हरमध्ये घालून उभे राहिलात तर होकाराची शक्यता बरीच वाढते. व्हॅन ठरवलीत तर सायकलींचे पैसे माणसांच्या भाड्यात धरलेत का हे लिहून घ्या, नाहीतर दर सायकलमागे वेगळा आकडा नंतर निघतो. नोविग्राद-उमागवरून सायकलनेच कोपरला परतता येतं, पण मिर्ना नदीच्या मुखावरचा आंतेनालचा पूल गाड्यांनी भरलेला असतो. तो रविवारी पहाटे पार करा आणि मागचा लाल दिवा चालू ठेवा.