डोलत्या सिलिंडरचं इंजिन: बोअर जमला, आता पॅकिंग

घरी बनवत असलेलं छोटं वाफेचं इंजिन पहिल्यांदा दाबाच्या हवेवर फिरलं! शेजारच्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी जोडली, फ्लायव्हील बोटाने जरा ढकललं आणि त्याने लय धरली. वाफ अजून लांब आहे, पण या टप्प्यातली खरी मजा सिलिंडरच्या भोकातच (बोअरमध्ये) होती.

माल गनमेटलचा, म्हणजे तांब्याच्या एका मिश्रधातूचा. रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराकडे ट्रॉलरच्या शाफ्टची झिजलेली बुशं (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळ्या) भंगारात मिळतात, त्यातलं एक जाडजूड उचललं. भोक आयतं होतं, तेच वाढवून 25 मिमी करायचं, लांबी 60. अडचण अशी की जुनं भोक झिजून अंडाकृती झालेलं. लेथच्या टूलपोस्टमध्ये (हत्यार धरणाऱ्या भागात) एका बाजूने धरलेला लांब बोरिंग बार, म्हणजे भोक कोरणारा दांडा, जिथे माल जास्त तिथे जास्त लवतो, म्हणजे जुना वाकडेपणा थोडाफार नव्या भोकात उतरतोच. म्हणून 16 मिमीचा बार दोन सेंटरांमध्ये फिरता ठेवला, टूलपोस्ट काढून बुश लेथच्या सरकत्या पाटावर (क्रॉस-स्लाइडवर) शिमा, म्हणजे पातळ पट्ट्या, घालून बांधलं आणि कॅरेजने (तो पाट वाहणाऱ्या गाड्याने) हळूहळू पुढे सरकवलं. आता मायक्रोमीटर-गेज लावून कुठूनही मोजा, फरक 0.01 मिमीच्या आत.

हीच युक्ती विल्किन्सनची. न्यूकमेनच्या 1712 च्या वाफेच्या इंजिनात पिस्टनला चामडं लावून वर पाण्याचा थर ठेवत, भोक ओबडधोबड असलं तरी भागायचं. वॉटला ते परवडेना. वाफ सिलिंडरबाहेर थंड करणाऱ्या वेगळ्या कंडेन्सरचा (पेटंट 1769 चं) फायदाच मुळी सिलिंडर गरम राहण्यात. वर पाणी ठेवलं की तो गेला. म्हणजे भोकच गोल हवं, आणि तसं कोरणारं यंत्र तेव्हा नव्हतं. तोफा कोरणाऱ्या जॉन विल्किन्सनने 1775 मध्ये बार सिलिंडरच्या आरपार घालून दोन्ही टोकांना आधार दिला. 50 इंची सिलिंडरमध्ये जुन्या शिलिंगच्या जाडीइतकीही चूक नाही, असं वॉटचा भागीदार बोल्टनने लिहिलंय. 1776 पासून वॉटची इंजिनं कामाला लागली. शाळेत आपण किटलीची गोष्ट ऐकतो, विल्किन्सनचं नावही नाही. मला हे पटत नाही.

डोलता सिलिंडर का निवडला, हे काहींनी विचारलं होतं. सिलिंडर स्वतःच झुलून आपली भोकं ब्लॉकवरच्या भोकांसमोर आणतो, त्यामुळे वेगळा व्हॉल्व्ह लागत नाही. खेळण्यातली रचना म्हणून नाक मुरडू नका: ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाची वल्ह्यांच्या चाकांची इंजिनं याच जातीची होती, बोअर 74 इंच! याच जहाजाने 1870 मध्ये मुंबई ते एडन तारेची केबल टाकली.

बाकी किरकोळ. फ्लायव्हील बिडाचं, आणि आपली खारी हवा त्याला रात्रीत तांबूस करते. ग्रीस चोपडून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवतोय. ब्लॉकची घासणारी बाजू काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून सपाट केली.

पुढे तांब्याचा बॉयलर, सिल्व्हर ब्रेझिंगने (चांदीच्या मिश्रधातूने सांधून). विस्तव पेटवण्याआधी पाणी भरून कामाच्या दाबाच्या दुप्पट दाबाला तपासणार, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह आधी, शिट्टी नंतर. जळण करवंट्यांचं, ते परसात ढिगाने आहे.

आता पॅकिंग: वाफ गळू नये म्हणून पिस्टनच्या खाचेत ग्रॅफाइटची दोरी घालायची की सिलिकॉनची ओ-रिंग (गोल रबरी कडं)? वाफेवर प्रत्यक्ष चालवलेल्यांनीच सांगा.