दार फाळणीच्या सणाला सायकली

अलिबागच्या मैत्रिणींचा एक प्रश्न ठरलेला असतो: "तुमच्या सणांच्या तारखा दरवर्षी का गं बदलतात?" मी म्हणते, गणपतीच्या का बदलतात? आम्हा यहुद्यांचेही महिने चांद्रच. सण ऋतूंपासून भरकटू नयेत म्हणून 19 वर्षांत 7 वेळा आमच्यातही अधिक महिना धरतात. तुमच्यात तो महिना बदलत असतो, आमच्यात नेहमी अदारच. 2025च्या सप्टेंबरात आमचं 5786 साल लागलं.

माझं माहेर अलिबागच्या इस्रायल आळीतलं. लग्न होऊन इस्रायलमधल्या अश्दोद शहरात आले. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली मराठी यहुदी मंडळी, इथे बरीच आहोत, भाजी घेताना मागून कुणीतरी मराठीत नवऱ्यावर करवादलेलं ऐकू येतं. तिकडे सणासाठी शाळेत रजेची चिठ्ठी द्यावी लागे, इथे सरकारी सुट्टी. मग बाईचं काम कमी झालं असेल असं वाटतं ना? अजिबात नाही.

नव्या वर्षाला, म्हणजे रोश हाशानाला, चिकाचा हलवा हवाच. आजी गहू भिजवून, वाटून चीक काढायची. मी कॉर्नफ्लॉवर आणि चायना ग्रासवर भागवते, नारळाचं दूधही डब्यातलं. मटणाच्या जेवणावर गाईम्हशीचं दूध आम्हाला चालत नाही, म्हणून आमच्या गोडाधोडात जिथे तिथे नारळ. ढवळण्यातून मात्र सुटका नाही. मिश्रण आधी पातळ, मग गुठळ्या, मग एकदम चकचकीत होऊन कडा सोडायला लागतं. तेवढ्यात फोन आला तर घ्यायचा नाही. ताटात ओतायचं, वर बदाम-पिस्त्याचे काप, थंड झालं की वड्या पाडायच्या. प्रार्थना म्हणून खायच्या ताटात मधाबरोबर सफरचंद असतंच, शिवाय खजूर, डाळिंब, दुधी आणि चवळीही.

दहाव्या दिवशी योम किप्पूर, कडक उपासाचा दिवस. आजी त्याला दार फाळणीचा सण म्हणायची. पांढरे कपडे घालायचे, सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरात, जायचं, उरलेला वेळ दार लावून घरात बसायचं, बाहेर एसटीचे हॉर्न चालू. इथे मात्र अख्ख्या देशाचंच दार लागतं. विमानतळ बंद, टीव्ही बंद, दुकानं बंद, रस्त्यावर गाडी म्हणून दिसत नाही. मग पोरं सायकली काढतात आणि चार पदरी रस्त्याच्या मधोमध चालवतात. सासूबाईंना ते आवडत नाही ("उपासाचा दिवस की जत्रा?"), मला आवडतं. जवळजवळ 25 तास पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. शेवटी सिनेगॉगमध्ये शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, फुंकतात, की सगळे एकमेकांचे हात हातात घेऊन बोटं ओठांना लावतात. ही हातबोशी अलिबागेतून आली ती अजून टिकून आहे. दुसऱ्या दिवशीचा शिळा सण मात्र इथे बुडाला. तिकडे त्या दिवशी दानधर्म व्हायचा, घरोघरी जायचं. इथे लोक रात्रीच हातोडा घेऊन सुक्का ठोकायला बसतात.

सुक्का म्हणजे सात दिवसांचा मांडव. अलिबागेत वर नारळाच्या झावळ्या टाकायचो, इथे खजुराच्या. त्याच्यावर थेट आभाळ लागतं, वरच्याची गच्ची आडवी आलेली चालत नाही. म्हणून इथल्या बऱ्याच इमारतींत बाल्कन्या एकाखाली एक नसतात, सरकवून काढलेल्या असतात. मांडव संपला की लगेच सिम्हात तोरा, तोरा म्हणजे आमचा धर्मग्रंथ हातात घेऊन नाचायचा दिवस. 2023 साली तो 7 ऑक्टोबरला आला आणि सकाळीच हल्ल्याच्या इशाऱ्याचे भोंगे वाजले. आमच्या सिनेगॉगमध्ये नाच त्यानंतर पूर्वीसारखा रंगलेला नाही.

हनुक्काचं फार सांगत नाही. आठ रात्री दिवे लावायचे आणि जॅमचे तळलेले गोल वडे खायचे. मला ते तुपकट लागतात.

तू बिश्वात हा झाडांचा सण, पण आमच्यासाठी तो एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे प्रेषित एलियाहूचा. तिकडे अलिबागजवळच्या खंडाळा गावी खडकावर मलिदा व्हायचा, एलियाहूचा रथ तिथे टेकला अशी श्रद्धा. इथे तो सिनेगॉगच्या हॉलमध्ये होतो. पोहे धुऊन निथळायचे, ओला नारळ, साखर, वेलची, बेदाणे घालून हातानेच कालवायचे, चमच्याने नाही. वर फळं आणि गुलाबाच्या पाकळ्या. मग सगळे मिळून एलियाहू हन्नाबीचं गाणं म्हणतात. ते हिब्रूत असलं तरी चाल आपली. मराठी कीर्तनं म्हणणारे आता म्हातारेच उरलेत. पोरांना ती कळत नाहीत, पण मलिद्याचं ताट चाटूनपुसून संपवतात.

पुरीमला शेजाऱ्यांकडे खाऊचं ताट पाठवायचं असतं. सगळ्यांकडून चॉकलेटं येतात, माझ्याकडून पुरणपोळी जाते.

आणि पेसाख! खमिराचा कण घरात राहता कामा नये. तिकडे घराला सफेदी व्हायची, कल्हईवाला दारात बसायचा. इथे दुकानदार पावाची शेल्फंच कागदाने झाकून टाकतात. हिंदुस्थानात पहिल्या दोन्ही रात्री सेदेर, म्हणजे प्रार्थना म्हणत करायचं सणाचं जेवण, करायचो, इथे एकच. पूर्वी चंद्र दिसल्याची बातमी यरुशलेमहून दूरवर वेळेत पोचत नसे, म्हणून बाहेरच्यांनी एक दिवस जादा धरला, तो आजही चालू. भात हा मात्र भांडणाचा विषय. युरोपातून आलेले यहुदी पेसाखात तांदूळ खात नाहीत, आम्ही खातो. माझ्या जावेचं माहेर पोलंडकडचं, त्यामुळे त्या आठवड्यात तिच्याकडे आमची आमटी मात्झा या बिनखमिराच्या रोटीबरोबर, तांदळाची भाकरी आमच्याच घरी. तांदूळ आधी निवडायचे, तेही तीन तीनदा. पेसाख सुटला की त्याच रात्री समोरची मोरोक्कन बाई दार सताड उघडं टाकून येईल त्याला लोणी-मध लावलेली गरम मुफलेता, म्हणजे त्यांची पातळ पोळी, वाढते. आठवडाभर पाव न पाहिलेल्या माणसाला ती दोनवर थांबवत नाही.

शावुओतच्या सणाला चीजकेक, तो विकत आणते. मग ऐन उन्हाळ्यात तिशा बेआव, आमचा बिरड्याचा रोजा. यरुशलेमची दोन्ही मंदिरं पडली त्याचा हा शोक, तो दिवस धरून नऊ दिवस मटण बंद. बिरड्यासाठी वाल हवेत. इथल्या भारतीय दुकानात सोललेले फ्रोजन वाल मिळतात आणि मी तेच वापरते. आई फोनवर विचारते, "मोड कुणी आणले?" मी म्हणते, फॅक्टरीने. त्यावर ती थेट फोन बाबांकडे देते.