कापाकापीत कसला आलाय चांगला-वाईट?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. विचारताना तुमच्या चेहऱ्यावर उत्तर आधीच उमटलेलं असतं ते सोडा. डबा खाताना, लग्नाच्या पंगतीत, शेजारच्या काकूंच्या भिशीत, कुठेही विषय निघाला की हाच प्रश्न येतो: "तुला असले कापाकापीचे सिनेमे बघवतात तरी कसे? आणि वर त्यात हा चांगला, तो वाईट, असं काय करत बसतेस? सगळे सारखेच की!"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर झटकन देते. रक्त मलाही बघवत नाही. लॅबमध्ये दंडाला रबर बांधला की मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड फिरवते. तरीही स्लॅशर, म्हणजे हेच कापाकापीचे सिनेमे, बघते, कारण त्यातल्या उत्तम सिनेमांत रक्त फारसं नसतंच. टोबी हूपरच्या 'द टेक्सास चेन सॉ मॅसेकर'चं (1974) नाव ऐकूनच लोक कानांवर हात ठेवतात. ब्रिटनमध्ये तर त्याला रीतसर परवानगी मिळायला 1999 उजाडलं. प्रत्यक्षात पडद्यावर रक्त इतकं कमी आहे, की हूपरला मुलांनी पालकांसोबत बघायचं सौम्य प्रमाणपत्र मिळेल अशी आशा होती. मिळालं नाही, हे सांगायला नको.

दुसरा प्रश्न मात्र माझ्या जिव्हाळ्याचा. सगळे सारखे अजिबात नसतात. साचा एकच असतो हे कबूल: एक खुनी, बहुधा मुखवट्यातला, हातात धारदार काहीतरी, एकेक करून मरणारी तरुण मंडळी आणि शेवटी उरणारी एक मुलगी. भूतबित नाही, हाडामांसाचा माणूस. पण खयालाची बंदिश एकच असली तरी गाणारा कोण यावर सगळं असतं ना, तसंच हे. आणि माझी पारख विचाराल तर मी खुन्याकडे बघतच नाही. मी घराकडे बघते. जिना कुठे आहे, मागचं दार कुठे उघडतं, फोन कुठल्या खोलीत आहे, समोरच्या घरापर्यंत किती पावलं आहेत, हे सिनेमाने मला आधी नीट दाखवलंय का? दाखवलं असेल तर पुढे नुसत्या रिकाम्या दारानेही माझ्या पोटात गोळा येतो. दाखवलं नसेल तर पडद्यावर वीस जण मेले तरी मी मोबाईल बघत बसते.

जॉन कारपेंटरचा 'हॅलोवीन' (1978) घ्या. जेमतेम तीनेक लाख डॉलरांत आणि तीन आठवड्यांच्या आसपास उरकलेलं शूटिंग. गोष्ट इलिनॉयमधल्या ऑक्टोबरची, पण शूटिंग कॅलिफोर्नियात आणि तेही वसंत ऋतूत. त्यामुळे पानगळीची पानं रंगवून आणायची, शॉट झाला की गोळा करायची आणि पुढच्या शॉटला पुन्हा पसरायची. खुन्याचा मुखवटा म्हणजे 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा, दोन डॉलरांच्या आत मिळालेला, पांढरा फासलेला. या गमती सगळे सांगतात. मला सांगायची आहे ती रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर असलेल्या दोन घरांची गोष्ट. एका घरात लॉरी मुलं सांभाळतेय, दुसऱ्यात तिची मैत्रीण. कारपेंटर आधी बराच वेळ आपल्याला या घरातून त्या घराकडे बघायला लावतो. खिडकीतून, पोर्चमधून, मुलाच्या नजरेतून. तो रस्ता आपल्या ओळखीचा होतो. मग लॉरी तो ओलांडून समोर जाते, मैत्रिणींची प्रेतं बघते आणि दाराच्या अंधाऱ्या चौकटीला टेकून रडत असते. तेव्हा तिच्या मागच्या काळोखात तो पांढरा चेहरा हळूहळू उजळत जातो. धाडकन काही होत नाही. तो तिथे आधीपासूनच उभा असतो, आपल्याला दिसायला उशीर होतो एवढंच.

त्यानंतर ती लंगडत रस्त्यावर येते आणि शेजारचं दार बडवते. आत दिवा लागतो, कोणीतरी पडद्यातून डोकावून बघतं आणि दिवा बंद होतो. सबंध सिनेमात मला सर्वांत जास्त भीती कशाची वाटली असेल तर त्या बंद होणाऱ्या दिव्याची. सोसायटीत राहणाऱ्याला वेगळं समजावायला नको. पुढे आपल्या घराशी येते तर किल्ली नाही. वरच्या खिडकीवर कुंडी भिरकावते, मुलगा डोळे चोळत खाली यायला वेळ लावतो आणि तिकडून खुनी रस्ता ओलांडून येत असतो. धावत नाही हं, चालत. ही सगळी तगमग चालते ती आपल्याला अंतर ठाऊक आहे म्हणून. आणि शेवट बघा: खुनी खाली पडतो, नाहीसा होतो आणि कारपेंटर एकेक करून नुसत्या जागा दाखवतो. जिना, बैठकीची खोली, बाहेरून घरं. वर त्याचा श्वास. जागाच ओळखीच्या नसत्या तर हा शेवट म्हणजे घर विकायची जाहिरात झाली असती.

याच्या चार वर्षं आधी कॅनडात बॉब क्लार्कने 'ब्लॅक ख्रिसमस' (1974) केला होता, आणि खरं सांगायचं तर माझा जीव जास्त तिथे अडकलाय. मुलींचं हॉस्टेल, नाताळची सुट्टी, घाणेरडे फोन. खुनी माळ्यावर आहे हे आपल्याला सुरुवातीपासून माहीत असतं, घरात कोणालाच नसतं. पहिली मुलगी मरते आणि तिचं प्रेत माळ्याच्या खिडकीपाशी डोलत्या खुर्चीत बसवलेलं असतं. तिला न्यायला आलेले वडील गावभर शोधतात आणि परत येऊन त्याच घरात, माळ्याखाली बसतात. एक जिना वर गेले असते तर! त्यात पुन्हा फोनचा माग काढायचा प्रसंग. पोलिसांनी सांगितलंय, त्याला बोलण्यात गुंतवून ठेव. इकडे नायिका जेस रिसीव्हर कानाला लावून ती घाण ऐकत उभी आणि तिकडे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कंपनीचा माणूस खडखडणाऱ्या रिलेंच्या रांगांमधून या टोकाकडून त्या टोकाकडे पळतोय, कुठली कडी जोडली गेलीय ते डोळ्यांनी शोधत. ज्यांनी ट्रंक कॉल लावून ताटकळण्याचा काळ पाहिलाय त्यांना हा प्रसंग जरा जास्तच कळेल. फोन त्याच घरातून येतोय हे कळतं आणि पोलीस तिला म्हणतात, मुकाट्याने बाहेर पड. पण वर मैत्रिणी आहेत. ती लोखंडी सळई उचलून जिन्याकडे वळते.

ही जेस सिनेमाभर गर्भपाताच्या निर्णयावर ठाम आहे आणि तिचा मित्र त्यावरून भडकलाय. म्हणून "या सिनेमांत चारित्र्यवान मुलगीच वाचते" हा नियम कोणी मला ऐकवला की मी जेसचं नाव घेते. कॅरल क्लोव्हर या अभ्यासक बाईंनी 1987 च्या निबंधात 'फायनल गर्ल', म्हणजे शेवटी वाचणारी मुलगी, ही कल्पना मांडली आणि ती पटण्यासारखी आहे. पण पुढे लोकांनी तिचा सोवळेपणाचा दाखला करून टाकला. 'हॅलोवीन'मधली लॉरीसुद्धा मैत्रिणीच्या गाडीत गांजाचा झुरका मारतेच की. तिच्या मैत्रिणी आपल्या नादात असतात आणि तिची नजर मात्र खिडकीबाहेर असते. वाचते ती त्या नजरेमुळे, हे माझं मत.

आता वाईटाकडे. शिव्या खाणार हे धरून चालते, कारण मी आधी 'फ्रायडे द थर्टीन्थ'चं (1980) नाव घेणार आहे. शॉन कनिंगहॅमने 'हॅलोवीन'चा गल्ला बघितला आणि पटकथा तयार होण्याआधी नुसत्या नावाची जाहिरात छापून टाकली. सिनेमाभर ते उलटं गणित दिसतं. तळ्याकाठी कॅम्प आहे, केबिनी आहेत, पण कुठली केबिन कुठे हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्यामुळे कोणी अंधारात निघालं की भीती वाटत नाही, "आता ही मरणार" एवढी नोंद होते. खुनी कोण हे रहस्य म्हणावं, तर ती बाई शेवटच्या भागापर्यंत पडद्यावर येतच नाही. मग संशय घ्यायचा तरी कोणावर? (या मालिकेची ओळख झालेला हॉकीचा मुखवटा शोधत असाल तर तो इथे नाहीच. तो आला तिसऱ्या भागात, 1982 साली.)

एक गोष्ट मात्र मान्य करते: खोट्या जखमा आणि रक्त घडवणाऱ्या टॉम सॅव्हिनीची कारागिरी. केव्हिन बेकन पलंगावर पडून सिगारेट ओढतोय, खालून हात येऊन त्याचं कपाळ दाबतो आणि गळ्यातून बाण वर येतो. पलंगावर मान आणि छाती खोटी, डोकं तेवढं बेकनचं खरं, बाकी तो बिचारा खाली अवघडून बसलेला. ऐन शॉटच्या वेळी रक्ताच्या पंपाची नळी निसटली, तर सॅव्हिनीच्या सहायकाने ती तोंडात धरून फुंकली आणि रक्त उसळलं. हे मी कौतुकानेच बघते. पण ते कौतुक हातचलाखीचं. सिनेमा संपल्यावर त्यातलं बरोबर काही येत नाही.

वाईटाचा दुसरा प्रकार मला जास्त छळतो, आणि तो म्हणजे खुन्याची कुंडली मांडणं. 'हॅलोवीन'च्या पहिल्या सिनेमात खुनी मायकेल हे सगळं का करतो याला उत्तर नाही. श्रेयनामावलीत मुखवट्यातल्या मायकेलला नावही नाही, नुसता 'द शेप'. 1981 च्या दुसऱ्या भागात कळलं की लॉरी त्याची बहीण. झालं! कोणाच्याही खिडकीबाहेर उभा राहू शकणारा माणूस एका घराची भाऊबंदकी होऊन बसला. 2007 मध्ये रॉब झॉम्बीने तर त्याचं बालपण सविस्तर दाखवलं: घरातली भांडणं, शाळेतला छळ, सगळं. मुलाची दया येते, आणि दया आली की भीती संपली. 2018 च्या सिनेमाने ते बहिणीचं प्रकरण गुंडाळून ठेवलं, ते बरंच केलं.

नव्यांपैकी 'टेरिफायर 2' (2022) मला कोणी ना कोणी सुचवतंच. पाहिला. दोन तास अठरा मिनिटं! 'टेक्सास' दीड तासाच्या आत संपतो हो. विदूषकाचं काम करणारा नट चांगला आहे, त्याच्या मूकपणात गंमत आहे. पण एका मुलीला तिच्या बेडरूममध्ये मारण्याचा जो प्रसंग आहे तो एवढा लांबवलाय की मधेच मला प्रश्न पडला, हा माणूस थकत कसा नाही. भीती कधीच निघून गेलेली असते, उरते ती सहनशक्तीची परीक्षा. ज्यांना आवडतो त्यांच्याशी माझं भांडण नाही, फक्त मी तो परत बघणार नाही.

"आपल्याकडे का होत नाहीत चांगले?" हा पोटप्रश्नही येतो. 2003 मध्ये एकाच वर्षी हिंदीत 'कुछ तो है' आणि 'श्शश...' असे दोन आले, दोन्ही हॉलिवूडच्या गाजलेल्या स्लॅशरांवर बेतलेले. गाण्यांनी वाट लावली असं सगळे म्हणतात. मला वाटतं मध्यंतरानेही लावली. दीड तासात श्वास न घेता संपवायची गोष्ट, आणि ऐन मोक्याला दिवे लागतात, लोक समोशाच्या रांगेत. त्यानंतर नव्याने घाबरायचं म्हणजे कठीणच.

मराठीत आपल्याकडे एक खुनी बाहुला होता हे विसरू नका. महेश कोठारेंचा 'झपाटलेला' (1993) म्हणजे 'चाइल्ड्स प्ले'वरून (1988) सुचलेला, पण रामदास पाध्यांचा तात्या विंचू आणि दिलीप प्रभावळकरांचा आवाज म्हणजे अस्सल इथला. 'ओम फट् स्वाहा' म्हणत आम्ही एकमेकांच्या अंगावर धावलो, ते हसत, आणि रात्री पलंगाखाली वाकून बघितलं, ते न हसता. आणि जागेचा वापर म्हणाल तर 'लपाछपी'तला (2017) ऊस. तो स्लॅशर नाही, पण डोक्याच्या वर गेलेल्या फडात चार हातांपलीकडचं दिसत नाही ही भीती विशाल फुरियांनी नेमकी पकडली. त्या फडात कोयता घेतलेला हाडामांसाचा माणूस सोडला की झाला मराठी स्लॅशर. कोणी करत का नाही, मला कोडंच आहे.

कुठून सुरू करू, असं अगदी धीर करून विचारणाऱ्यांना मी 'स्क्रीम'ची (1996) पहिली काही मिनिटं बघायला सांगते. पुढचा सिनेमा नाही बघितलात तरी चालेल. ड्रू बॅरीमोर एकटी घरी, गॅसवर पॉपकॉर्न फुलतायत, कॉर्डलेस फोन घेऊन ती घरभर फिरते, आणि तिच्याबरोबर फिरता फिरता आपण ते घर पाठ करतो: काचेची दारं, पलीकडे अंधारी बाग, पुढचं दार, स्वयंपाकघर. घर सगळं काचेचं, म्हणजे बाहेरच्याला आतलं दिसतं, आतल्याला बाहेरचं नाही. शेवटी आई-बाबांची गाडी अंगणात येते. पोरगी काही पावलांवर आहे, पण गळा दाबल्याने हाक मारता येत नाही. आई आत जाऊन मदतीसाठी फोन उचलते आणि त्या फोनवर तिला तिच्या पोरीचा आवाज ऐकू येतो.

तिथपर्यंत बघितलंत आणि पुढचं बघावंसं वाटलं, तर मग 'ब्लॅक ख्रिसमस' लावा. पण 1974 चाच. त्याचे नंतर दोन रीमेक झालेत आणि 2006 च्याने माळ्यावरच्या माणसाला बालपण देऊन ठेवलंय.