मिरचीची सावली

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. जुन्या पुस्तकांच्या पानांवर मी चित्रं काढते, तीही बहुतेक साध्या वस्तूंची: सेफ्टी पिन, लवंगा, सुकी लाल मिरची. बघणारे हमखास विचारतात, "ही खरंच पानावर ठेवल्यासारखी कशी दिसते?" आणि मग जरा आवाज खाली आणून, "पुस्तक फाडवतं कसं हो तुम्हाला?"

दुसऱ्या प्रश्नाचं आधी उरकते. पुस्तकाला चुकून पाय लागला तरी नमस्कार करणारी माणसं आपण, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. धड पुस्तक मी फाडत नाही. पाठ मोडलेली, वाळवीने कोपरे खाल्लेली, मधलीच पानं गळालेली पुस्तकं रद्दीवाल्याकडे किलोवर मिळतात. मोडीत निघालेले कायदे, जुनी गाइडं, लॉगची टेबलं, म्हणजे गणितासाठीची आकड्यांनी भरलेली कोष्टकं. त्यांचा पुढचा मुक्काम लगद्यातच असतो. पोथ्या आणि कुणाच्या हातचं लिहिलेलं मात्र मी घेत नाही, भले कितीही फाटलेलं असो.

आता मिरची. ती खरी वाटायला तिच्या लाल रंगापेक्षा तिची सावली जास्त कामाला येते. वस्तू अपारदर्शक असते, ती खालची अक्षरं झाकते. सावली काही झाकत नाही, ती खालची अक्षरं फक्त काळवंडवते. म्हणून मिरचीच्या अंगाखालचे आकडे पूर्ण बुजले पाहिजेत आणि सावलीतले आकडे वाचता आले पाहिजेत. एवढं जमलं की मिरची कागदापासून सुटी होऊन वर आली, असं डोळा आपणच ठरवतो. कोऱ्या कागदावर हा पुरावा मिळत नाही. छापील पानाचा खरा उपयोग हा. लॉगच्या टेबलावर तर फारच छान जमतं, कारण आकड्यांच्या सरळ ओळी मिरचीपाशी तुटतात आणि पलीकडे पुन्हा त्याच रेषेत सुरू होतात.

आणखी एक: वस्तू मूळ मापाचीच काढायची. पुस्तक खऱ्या मापाचं आहे, त्यावर वीतभर लवंग काढली की फसवणूक संपली.

कागदाची तयारी कंटाळवाणी आहे, पण तिथेच बरीच चित्रं मरतात. पानाच्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. लगेच शोषला गेला तर त्या कागदावर थेट जलरंग लावू नका, पसरतील. खिळे, म्हणजे धातूचे अक्षर-ठसे, जुळवून छापलेल्या जुन्या पुस्तकांची शाई तेलकट असते, ती पाण्याने हलत नाही. फुटतो तो ग्रंथालयाचा जांभळा शिक्का, आणि पहिल्या पानावर शाईच्या पेनने घातलेलं नाव. हे पान मी पातळ केलेल्या फेविकॉलने जाड जलरंगाच्या कागदावर चिकटवते, ३०० जीएसएमच्या (म्हणजे एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या). गोंद लावल्यावर दोन-तीन मिनिटं थांबायचं. ओला कागद आडवा फुगतो. ते फुगणं उरकू द्यायचं आणि मग मधून कडेकडे तळहाताने दाबत न्यायचं, नाहीतर सुरकुत्या पडतात. पाठीमागेही तसाच एक कागद लावायचा, म्हणजे सगळं पापडासारखं वळत नाही. वरून पारदर्शक जेसोचा, म्हणजे रंगाआधी लावायच्या लेपाचा, पातळ हात. तो किंचित खरखरीत असतो, म्हणून नंतर रंगीत पेन्सिलीचा रंग त्यावर धरतो. रेखाटन हलक्या हाताने, आणि खोडरबर जवळजवळ विसरायचा. जुन्या कागदाचे धागे उठतात.

मग मिरचीच्या आकारापुरता पांढरा ॲक्रिलिक, आकडे दिसेनासे होईपर्यंत. त्यावर लाल रंगाचे पातळ थर. सुरकुत्या, देठाजवळचा तपकिरी डाग आणि टोकाची वळी रंगीत पेन्सिलीने. चमक सगळ्यात शेवटी, पांढऱ्या जेल पेनने, अगदी ठिपक्याएवढी. ती वाढली की मिरची प्लास्टिकची होते.

सावलीसाठी काळा रंग नकोच. पिवळट कागदावर काळी सावली भोक पडल्यासारखी दिसते. मी बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगात थोडा निळा अल्ट्रामरीन घालते, भरपूर पाणी, आणि थर वाळू देत देत चढवते. मिरची जिथे कागदाला टेकते तिथे सावली गडद आणि धारदार, लांब जाईल तशी फिकी आणि पसरट. टेकलेल्या जागेजवळ लालसर झाक द्यायची. मिरचीवरून उजेड परतून तिथे पडतो, घरी पांढऱ्या कागदावर ठेवून बघा.

पानावरचा मजकूर आणि चित्र जुळवायचा हट्ट मला पटत नाही. पाककृतीवर मिरची, कवितेवर प्राजक्त, हे फार सोपं झालं. जोहान्सबर्गचे चित्रकार विल्यम केंट्रिज जुन्या कोश-विश्वकोशांच्या पानांवर कोळशाने चित्रं काढतात, तिथे शब्द आणि चित्र एकमेकांशी भांडत असतात. उदयपूर-जयपूरकडचे चित्रकार जुन्या स्टॅम्पपेपरवर हत्ती-घोडे रंगवतात. त्या हत्तीचं दस्तातल्या देण्याघेण्याशी काही नातं नसतं आणि म्हणूनच ते बघायला मजा येते.

विकत घेणाऱ्यांना एक आधीच सांगून ठेवते. स्वस्त कागदात लाकडातलं लिग्निन असतं. उजेड आणि हवेने ते पिवळं पडत जातं. चित्र काढलं म्हणून ते थांबत नाही. जेल पेनचा ठिपका पांढरा राहील, पान मात्र आणखी तपकिरी होईल. उन्हाच्या भिंतीवर टांगू नका.

आणि हो, "आमच्या आजीच्या पुस्तकावर काढून द्याल का?" असं कुणी विचारलं, तर मी ते पुस्तक घरी ठेवायला सांगते. पान चिकटवलं की त्याची मागची बाजू कायमची जाते. त्यापेक्षा त्या पानाची लेझर प्रत चांगल्या, आम्ल नसलेल्या कागदावर काढून आणा. लेझर प्रतीची शाई, म्हणजे टोनर, पाण्याने फुटत नाही, कागद लवकर पिवळा पडत नाही आणि सावली तितकीच छान बसते.