तिसरा वर्ग की स्टाफ?

एफवायला, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाला, संख्याशास्त्रात गुणात्मक माहितीचं वर्गीकरण सुरू झालं की वर्ग जांभया द्यायला लागतो. आवडता रंग, आवडता खेळ हे सगळं शाळेत होऊन गेलेलं असतं. म्हणून मी टायटॅनिकचा तक्ता घेते. १९१२च्या ब्रिटिश चौकशीतले आकडे: जहाजावर २२०१ माणसं, वाचली ७११. पहिल्या वर्गातली ३२५पैकी २०३, दुसऱ्यातली २८५पैकी ११८, तिसऱ्यातली ७०६पैकी १७८ आणि स्टाफ ८८५पैकी २१२.

वाचलेल्यांचा साधा स्तंभालेख फळ्यावर काढला, तोच पुढच्या बाकावरून निकाल आला, "मॅडम, सगळ्यात जास्त स्टाफच वाचला! आधी हेच होड्यांत बसले असणार." दरवर्षी कुणीतरी हे म्हणतंच. म्हणावं म्हणूनच तो आलेख मी आधी काढते.

मग शतमान स्तंभालेख. चारही स्तंभ सारख्या उंचीचे, वाचलेले खाली, गेलेले वर. पहिला वर्ग ६२.५ टक्के, दुसरा ४१.४, तिसरा २५.२ आणि स्टाफ २४. स्टाफ थेट तळाला. फिर्यादी गप्प.

एरवी हा तास इथे संपतो. त्या दिवशी मागून एका मुलीने विचारलं, "यात बायका किती, पुरुष किती?" आकडे माझ्या फाइलमध्ये होते, सांगितले. स्टाफमधले पुरुष ८६२, वाचले १९२, म्हणजे २२.३ टक्के. तिसऱ्या वर्गातले पुरुष ५१०, वाचले ८८, म्हणजे १७.३. इथे स्टाफ पुढे. मग बायकांमध्ये तिसरा वर्ग पुढे असणार, हे वर्गाने धरूनच टाकलं. तिसऱ्या वर्गात १९६पैकी ९० वाचल्या, ४५.९ टक्के. स्टाफमध्ये २३पैकी २०. तब्बल ८७ टक्के!

एकच कालवा. पुरुषांत स्टाफ पुढे, बायकांत स्टाफ पुढे, आणि दोन्ही मिळवले की मागे? बेरजेवर संशय आला. १९२ आणि २० मिळून २१२, ८८ आणि ९० मिळून १७८. बेरीज चोख होती. शेवटी ती मुलगीच फळ्याजवळ आली आणि २३वर बोट ठेवून म्हणाली, "स्टाफमध्ये बायकाच नाहीत ना, मॅडम." होड्यांत बायकामुलांना आधी घेतलं, तिसऱ्या वर्गात पाव भागाहून जास्त बायका आणि स्टाफमध्ये शंभरात तीनसुद्धा नाहीत. एकूण टक्का तिथे पडला होता. याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. सिम्पसन या संख्याशास्त्रज्ञाचा लेख १९५१चा, पण यूल या दुसऱ्या संख्याशास्त्रज्ञाने हे १९०३मध्येच लिहिलं होतं. नाव मात्र सिम्पसनचं झालं.

पुढच्या तासाला वृत्तालेख होता. दोघांनी याच तक्त्याचे वृत्तालेख काढून आणले होते. शेजारीशेजारी ठेवले तरी २५.२ आणि २४ यांतला फरक डोळ्यांना कळेना. कोनमापक घेऊन बसायची वेळ आली. माझ्या मते वृत्तालेखाला अभ्यासक्रमात नको इतकी जागा दिली आहे. तो भाग मी झटपट उरकला आणि वर्गाने मागितलेली लहान मुलांची विभागणी फळ्यावर लिहायला घेतली.