तुम्ही विचारलंत म्हणून: शेवटच्या भागाला इतका वेळ का लागतो?

बरीच वर्षं चाललेली कथामालिका संपवायला घेतली की वाचक हमखास विचारतात, "गोष्ट तर डोक्यात तयार आहे, मग शेवटच्या भागालाच एवढा वेळ का?" प्रश्न आपुलकीचा आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

शेवटच्या भागाचं पहिलं काम लिहिण्याचं नसतं, वाचण्याचं असतं. आधीचे सगळे भाग पेन्सिल घेऊन वाचायचे, तेही छापील प्रतीवरून. संगणकातल्या फाइलवर भिस्त ठेवू नये, कारण मुद्रितं तपासताना केलेल्या दुरुस्त्या बऱ्याचदा त्या फाइलपर्यंत पोचलेल्याच नसतात. वाचता वाचता एक वही भरायची. प्रत्येक पात्राला एक पान: जन्मसाल, गाव, नातेवाईक, जखमा, सवयी. आणि एक रकाना असा की या माणसाला कोणती गोष्ट कोणत्या भागात, कितव्या पानावर कळली. नेमका हाच रकाना बहुतेक जण ठेवत नाहीत आणि तिथेच घात होतो.

शेरलॉक होम्सचा लेखक कॉनन डॉयल, त्याच्यासारख्याचाही घात झाला. १८९३ साली होम्सला संपवण्यासाठी लिहिलेल्या कथेत होम्सचा मित्र आणि गोष्ट सांगणारा वॉटसन म्हणतो की होम्सचा कट्टर शत्रू मॉरिआर्टी याचं नावही त्यानं कधी ऐकलेलं नाही. पुढे १९१४ साली सुरू झालेल्या कादंबरीचा काळ त्या कथेच्या आधीचा आहे आणि तिथे मात्र वॉटसनला मॉरिआर्टी चांगलाच ठाऊक आहे! वॉटसनची युद्धातली जखम पहिल्या कादंबरीत खांद्याला आहे, दुसरीत पायाला. जखमेची गफलत वाचक हसून सोडून देतो. पण कुणाला काय माहीत होतं यावर रहस्य उभं असतं. तिथली चूक शेवटाच्या मुळावर येते.

मराठीत लिहिणाऱ्याला आणखी एक रकाना लागतो: कोण कुणाला काय हाक मारतं. पहिल्या भागात इन्स्पेक्टरला "अहो साहेब" म्हणणारी बातमीदार सहाव्या भागात त्याला "अरे, ऐक ना" म्हणते. मधे कुठेतरी "तुम्ही"चं "तू" झालं. ते पानावर घडलं की दोन भागांच्या मधल्या काळात? पानावर घडलं असेल तर तो प्रसंग शोधून त्याच्या आधीचे सगळे संवाद तपासायचे. पानावर घडलंच नसेल, तर शेवटच्या भागात त्याची आठवण एका वाक्यात तरी यायला हवी. वहिनीची ताई होणं, मामंजींचे बाबा होणं, नवऱ्याला "अहो" म्हणणारी बायको भांडताना एकदाच "तू" म्हणून जाणं, हे सगळं वहीत हवं. मराठी वाचकाचा कान या बाबतीत फार तिखट असतो.

तिथी-वाराचंही तेच. खून अमावास्येला झाला असेल तर साक्षीदाराला चांदण्यात चेहरा दिसणार नाही. २०२० साली आश्विन अधिक होता, म्हणून सर्वपित्री १७ सप्टेंबरला आणि घटस्थापना थेट १७ ऑक्टोबरला. त्या वर्षीच्या कथानकात पात्रं पितृपक्ष संपताच दुसऱ्या दिवशी घट बसवताना दिसली, तर सगळं वेळापत्रक महिनाभर चुकलं. जुनी कॅलेंडरं रद्दीत घालू नयेत. रुपयांचे प्रसंगही तपासावेत: ८ नोव्हेंबर २०१६ नंतर पाचशेच्या जुन्या नोटांची बॅग देऊन खंडणी चुकती होत नाही.

वही भरली की देण्यांचा हिशेब. आधीच्या भागांत वाचकाला जे जे कबूल केलं ते एकेका ओळीत लिहायचं आणि त्याचे तीन ढीग करायचे: पूर्ण प्रसंग लिहूनच फिटेल असं, बोलता बोलता एका वाक्यात फिटेल असं, आणि उघडं ठेवलेलंच बरं असं. पहिला ढीग मोठा झाला की पुस्तक फुगतं. प्रत्येक जुन्या पात्राला निरोपाचं प्रकरण द्यायचा मोह होतो आणि मूळ गोष्ट तिष्ठत राहते. माझ्या मते निरोपाची प्रकरणं दोनच लोकांना द्यावीत. बाकीचे आपापल्या कामात दिसले की पुरे. अमेरिकन लेखक रॉबर्ट जॉर्डनची 'व्हील ऑफ टाइम' ही अद्भुतरम्य कादंबरीमालिका १९९० साली सुरू झाली. बारावा भाग शेवटचा असं त्यानं ठरवलं होतं. २००७ साली तो गेला. मागे शेवटचा प्रसंग आणि भरपूर टिपणं होती. त्यावरून ब्रँडन सँडरसन या दुसऱ्या लेखकानं मालिका पुरी केली, पण त्या एका भागाचे तीन झाले आणि चौदावा २०१३ साली आला. देणीच तेवढी होती.

मग शेवट आधीच लिहून का ठेवत नाहीत, असंही विचारतात. अगाथा ख्रिस्तीनं ठेवला होता. तिचा गुप्तहेर प्वारो याची अखेरची कादंबरी तिनं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहिली आणि ती १९७५ साली छापली गेली. रहस्याची गाठ पक्की राहिली, पण मधल्या पुस्तकांमधून प्वारो १९६०च्या दशकापर्यंत येऊन पोचला होता आणि शेवटचं पुस्तक वाचताना काळ मागे सरकल्यासारखा वाटतो. म्हणून मी म्हणेन, शेवटचा प्रसंग लवकर लिहावा, अख्खं पुस्तक नाही. पोलिसी रहस्यकथा लिहिणाऱ्या स्वीडनच्या श्योवाल आणि वालू या जोडप्यानं तिसरीच वाट धरली: दहा पुस्तकं, प्रत्येकात तीस प्रकरणं, हे आधीच ठरवलं आणि १९६५ ते १९७५ या काळात ते तडीस नेलं. आकडा ठरलेला असला की देणी सातव्या-आठव्या पुस्तकापासूनच फेडायला घेता येतात. ज्यांना शक्य आहे त्यांनी हेच करावं.

नायकाला मारायचं असेल तर खरंच मारावं. १८९३च्या त्या कथेत होम्स स्वित्झर्लंडमधल्या रायखेनबाखच्या धबधब्यात पडून मेला असं वाटतं, पण डॉयलनं त्याचा देह दाखवला नाही, पडताना कुणी पाहिलंही नाही. उरल्या त्या पाऊलखुणा आणि एक चिठ्ठी. त्या फटीतूनच १९०३ साली होम्स परत आला. लेखकाला परतीची वाट नको असेल तर ती फट वाक्यावाक्यानं बुजवावी लागते, आणि हवी असेल तर ती त्याच वेळी जाणीवपूर्वक ठेवावी.

हस्तलिखित संपल्यावरही दोनेक महिने जातात. वहीत सापडलेल्या विसंगती जुन्या भागांच्या पुढच्या आवृत्तीत दुरुस्त कराव्यात: वय, तारीख, तिथी, नाव. घटना मात्र बदलू नयेत. जुनी प्रत ज्यांच्या कपाटात आहे, त्यांनाही शेवटचा भाग त्याच प्रतीवरून जुळला पाहिजे.